तव्यावरचा लॅपटॉप

माझी बायको कॉम्प्युटर तव्यावर भाजती. हसू नका. खरंच भाजती, आन भाजल्यावर ते चालतंयबी. मी राजपाल, कर्नाटकाच्या सरकारी बसमधी कंडक्टर, बसवकल्याण-आळंद गाडीवर. सतरा वर्सं झाली, "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून लोकांवर वरडायलोय, त्यामुळं माझा आवाज मोठा आन राग नाकाच्या शेंड्यावर. पण खोटं बोलायची आपल्याला सवय न्हाई. आमच्या राजेश्वर गावात येऊन कुणालाबी इचारा, "कॉम्प्युटरवाल्या पंचशीलाचं घर कुठं?" लहान लेकरूबी बोट दाखवंल. माझं घर कुठं म्हणून इचारलं तर लोकं डोकं खाजवतील. मी आता नुसता पंचशीलाचा नवरा.

ती मूळची उदगीरकडची. लग्न होऊन आली तवा नववी शिकलेली आन कन्नडचं एक अक्षर ठाव न्हाई. बाजारात "बेकू" म्हंजे पाहिजे आन "बेडा" म्हंजे नको, एवढ्या दोन शब्दांवर बाईनं दोन वर्सं काढली. पुढं आमची पोरगी, जी आता बीदरला हॉस्टेलात शिकती, ती शाळेत जायला लागली, तवा तिच्या पहिलीच्या पुस्तकावरून हिनंबी अक्षरं गिरवली. पण हाताला खाज पहिल्यापासून. बंद पडलेला रेडिओ दिसला की हिचे डोळे चमकलेच. दुसऱ्या बायकांचे सराफाच्या दुकानापुढं चमकत्यात, हिचे भंगाराच्या.

दहाएक वर्सांमागं आमी बीदरला दवाखान्याला गेलो होतो. परत येताना एका भंगारवाल्याच्या दारात ही थांबली, ती हलायलाच तयार न्हाई. कुठल्यातरी ऑफिसातले जुने कॉम्प्युटर फोडून आतल्या हिरव्या पाट्यांचा ढीग घातलेला. हिनं एक पाटी उचलली, उन्हात धरली आन मला म्हणली, "अवो, बगा की! ह्ये तर गाव हाय!"

म्या म्हणलं, "कसलं गाव? आपली गाडी सुटायलीय."

"ह्ये बगा रस्ते. ही घरं. ह्या पाण्याच्या टाक्या. आन ह्ये मधलं चौकोनी, ही चावडी!"

भंगारवाला चाचा पोट धरून हसला. "लेके जाव अम्मा, तुमारा गाँव तुमीच संभालो," म्हणला आन दोन पाट्या फुकट देऊन टाकल्या. तवापासून आमच्या घरात मदरबोर्डला गाव म्हणत्यात. त्याच्यावर वीज साठवणारे बारके पिंपावाणी भाग असत्यात, त्या टाक्या. मधली मोठी चिप, ती चावडी. "टाकी फुगलीय", "चावडीपशी रस्ता तुटलाय", असं ती गिऱ्हाइकाला सांगती आन ते बिचारं माझ्या तोंडाकडं बगत बसतंय.

पुढं आमच्या घराचं काय झालं ते इचारूच नका. ती मोबाइलवर बघून बघून शिकली, आन मी बसमधून भंगार वाहून वाहून दमलो. डाळीच्या डब्यात टाक्या, तिखटाच्या डब्यात स्क्रू, धान्याच्या कोठीवर मॉनिटरची उतरंड. एकदा माझ्या पोह्यात स्क्रू निघाला. म्या ताट सरकावलं, घर डोक्यावर घेतलं. ती आपली शांतपणानं तो स्क्रू उचलून म्हणली, "अय्या, हाच तर सकाळपसून हुडकायलते!" आता अशा बाईवर किती वरडायचं? वरडणाराच दमतो.

तव्याचं सांगतो. कॉम्प्युटरच्या चावडीखाली राईएवढे बारीक कथलाचे डाग असत्यात, त्यांनी ती गावाला चिकटलेली असती. जुन्या मशीनमधी ते डाग चिरत्यात. मशीन मेली म्हणून लोकं फेकून देत्यात, पण ते डाग पुन्हा वितळवून बसवले तर मशीन उठती, निदान थोडा येळ तरी उठती. मोठ्या शहरात त्याला यंत्रं असत्यात. आमच्याकडं कुठली? पंचशीला महिनाभर त्याच इचारात होती. आन एक दिवस माझी आई, चांगुणाबाई, चुलीवर वाळू तापवून ज्वारीच्या लाह्या करायली होती.

पंचशीलानं इचारलं, "आत्या, एवढ्या जाळात ज्वारी जळत कशी न्हाई?"

आई म्हणली, "वाळू जाळ वाटून देती गं. एकट्या दाण्याला चटका बसू देत न्हाई."

संपलं! त्या दिवसापसून आईच्या जुन्या तव्यावर कायमचा हक्क सांगितला गेला. तव्यावर वाळू, वाळूवर गाव, गावाच्या बाजूला ज्वारीचे चार दाणे, वरून स्टीलचं पातेलं पालथं. दाणा फुटला म्हंजे जाळ बरोबर झाला, असा तिचा हिशोब. पहिल्या दिवशी हिनं कोठीतली ज्वारी घेतली. बसली वाट बगत. दाणा काय फुटंना. धूर निघाला, वास सुटला, म्या घराबाहेर पळालो. पातेलं उचललं तर गाव जळून कोळसा, आन दाणे तसेच, नुसते काळे ठिक्कर.

आई हसून हसून खाली बसली. "अगं येडे, ही मालदांडी! हिची भाकर व्हती, लाही व्हत न्हाई! लाह्याची ज्वारी येगळी असती."

कॉम्प्युटर दुरुस्तीत अशी चूक आमच्याशिवाय कोण करंल? आईनं आपल्या पेटीतनं लाह्याच्या ज्वारीची पुरचुंडी काढून दिली. मग मेलेल्या अकरा गावांवर करून करून पंचशीलानं नेम बसवला. पहिली लाही फुटली की शंभर आकडे मोजायचे आन लाकडं ओढून जाळ बंद. त्यानंतर अर्धा तास हात लावायचा न्हाई, फुंकर मारायची न्हाई, तिच्याजवळनं पाय आपटत जायचं न्हाई. मला तर त्या टायमाला अंगणातच हाकलती.

आता खरी गोष्ट. खजुरीची विजयश्री माझ्या गाडीत आठवड्यातनं दोनदा आळंदला जायची. चोवीस-पंचवीसची पोरगी, जन्मापसून डोळ्यांनी दिसत न्हाई, पण जिभेला धार. गाडीत चढली की म्हणणार, "अण्णा, आज ड्रायव्हर बदललाय वाटतं, देवळापुढला खड्डा चुकवला." शिक्षकाचा कोर्स केलेला, आता शिक्षक पात्रता परीक्षेला बसायची. मागच्या खेपेला चार मार्कानं हुकली होती. ही शेवटची खेप, पुढं अभ्यासाचं नाव काढायचं न्हाई, असं बापानं सांगून ठेवलेलं.

मागच्या डिसेंबरात एका सोमवारी ती गाडीत चढली आन गपचूप बसली. आमच्याकडं बायकांना बस फुकट, म्या शून्याचं तिकीट फाडून हातात दिलं, तर तिच्या हातावर टपटप पाणी. म्या इचारलं, "कामून रडायलीस गं?"

तिचा लॅपटॉप मेला होता. तिचा भाऊ रविकुमार चार वर्सं रोज तिला पुस्तकं वाचून दाखवायचा आन ते वाचन त्या लॅपटॉपमधी भरून ठेवायचा. मराठी, कन्नड, गणित, सगळी पुस्तकं, दोनशे घंट्यांच्या वर वाचन. तेच ती ऐकायची, तोच तिचा अभ्यास. आता भाऊ हैद्राबादला ड्रायव्हर झालेला, आन परीक्षा येत्या रविवारी. कलबुर्गीच्या दोन दुकानदारांनी झाकण उघडून बगितलं आन सांगितलं, बोर्ड गेलं, भंगारात घाला. दुसऱ्या मशीनला डिस्क लावून बघा म्हणलं, तर ह्या बारक्या लॅपटॉपात डिस्क येगळी नसतीच, बोर्डालाच कायमची चिकटवलेली. बोर्ड मेलं की आतलं सगळं मेलं.

आपल्याला कुणाचं रडणं बगवत न्हाई. उचलली जीभ आन लावली टाळ्याला. "रडू नको गं बाई! माझी बायको असले छप्पन मेलेले उठवती. उद्या घरी ये, दोन तासात बोलायला लावती!" सगळ्या गाडीनं ऐकलं. चार बायका म्हणल्या, "बघ बाई, कंडक्टर एवढं म्हणायलाय." म्या छाती फुगवून शिट्टी मारली.

घरी आल्यावर पंचशीलाला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "तुमच्या तोंडाला स्टॉपच न्हाई का वो? दुकानदारांनी आधी उघडलेलं मशीन, त्यात काय केलंय कुणाला ठाव! आन तव्यावरनं उठलेलं किती येळ जगतंय, ह्येबी ठाव न्हाई. पोरीनं आशा धरली की मग?"

"मग तिला येऊ नको म्हणून सांगू का?"

"आता काय नको म्हणून सांगता! येऊ द्या की तिला. मलाबी बगायचंय ते मशीन," म्हणली, आन डोळे चमकले. म्या ओळखलं, बाई आता जेवत न्हाई.

मंगळवारी माझी सुट्टी. सकाळच्या गाडीनं विजयश्रीची आई तिला सोडून गेली. त्यांच्या तुरीची रास, म्हंजे मळणी, चालू होती, तिला थांबता येईना, पोरगी परीक्षेपर्यंत आमच्याकडंच राहणार असं ठरलं. पंचशीलानं लॅपटॉप उघडला. चार्जरची पिन सैल होती, ती भंगारातल्या दुसऱ्या लॅपटॉपची काढून बसवली. एक टाकी गेलेली, ती जुन्या टीव्हीतली लावली. बटण दाबलं की दिवा लागायचा आन एक-दोन-तीन, विझायचा. मग तिनं चावडीवर अंगठा दाबून धरला आन बटण दाबलं. दिवा लागला, आन राहिला! अंगठा उचलला, विझला.

"डागच चिरलेत!" ती वरडली. "आत्या, तवा काढा!"

विजयश्री घाबरून म्हणली, "तवा? अण्णा, तवा कामून?"

म्या म्हणलं, "आता गप बस. इचारलीस तर भिऊन पळून जाशील."

तवा चढला. गावाच्या काठावरचे प्लास्टिकचे भाग चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदानं झाकले, दाणे ठेवले, पातेलं पालथं घातलं. आन नेमकं त्याच टायमाला शेजारच्या मोकळ्या जागेत तुरीचं मळणीयंत्र सुरू झालं. धडधडधडधड! पातेल्याखाली लाही फुटली तर ऐकू यायची कशी? पंचशीला पातेल्याला कान लावायली, चटका बसायला, मागं सरकायली. आई म्हणायली, "मलाबी आता पहिल्यासारखं ऐकू येत न्हाई गं." म्या अंगणातनं शेजाऱ्यावर वरडलो, "अवो, बंद करा ते!" त्याला कुठलं ऐकू यायलंय त्या आवाजात!

विजयश्रीनं इचारलं, "काय ऐकायचंय?"

"लाही. ज्वारीची."

ती चुलीपशी सरकली, मान तिरपी करून बसली. मला तर त्या यंत्राशिवाय जगात काही ऐकूच यायना. आन एकदम ती म्हणली, "फुटली! मोजा!"

आई मोजायली, पंचशीला मोजायली, अंगणातनं मी मोजायलो. कुणाचा आकडा कुठं, कुणाचा कुठं! विजयश्री मोठ्यानं म्हणली, "सगळे गप बसा, मी मोजते!" शंभर म्हणताच पंचशीलानं जाळ बंद केला. मग तो अर्धा तास. माझ्या सतरा वर्सांच्या नोकरीत एवढा लांब अर्धा तास कुठल्या घाटात गेला न्हाई. मी शेवटी दारामागच्या लिंबाला फेऱ्या मारायलो.

गाव गार झालं. परत खोक्यात बसवलं. पंचशीलानं बटण दाबलं. दिवा लागला. एक, दोन, तीन. चार! पाच! न्हाई विझला! म्या उडीच मारली. पण स्क्रीन काळी. मिनिट झालं, काळी. दोन मिनिटं झाली, काळीच. पंचशीलानं टॉर्च लावून बगितलं, वायर हलवून बगितली. काही न्हाई. तिचे हात पडले. "आर्धंच उठलं वो," म्हणली, आन तिचा आवाज रडवेला. मला सपाटून राग आला. कुणाचा, ते माहीत न्हाई. माझाच आला असंल. बसमधी मोठा फुगून बोललो होतो.

विजयश्री आपली लॅपटॉपला हेडफोन खुपसून बसलेली. म्हणली, "अक्का, काय झालं? पासवर्ड इचारायलंय की."

"कोण?"

"लॅपटॉप. कवाचं बोलायलंय. तुमी सगळे गप कामून झालाव?"

"अगं, स्क्रीन काळी हाय!"

"स्क्रीन व्हय? ती तर दोन वर्सांमागंच गेली. रव्यानं सांगितलं होतं. मला तिचं काय काम?"

अगागागा! आमी तिघं डोळेवाले त्या काळ्या स्क्रीनकडं बगून रडायलो, आन मशीन तिच्या कानात बोलत बसलेली! एकानंबी पोरीला स्क्रीनचं इचारलं न्हाई. पंचशीला हसायली, रडायली, तिनं विजयश्रीच्या डोक्याला डोकं लावलं. आई म्हणली, "आपल्या डोळ्याला लागू दे आग!"

पण नाचायला येळ नव्हता. भाजलेलं मशीन कवा मरंल सांगता येत न्हाई. पंचशीला म्हणली, "आधी सगळं बाहेर काढ." पेनड्राइव्ह लावला. विजयश्रीची बोटं भराभरा चालली, सगळी पुस्तकं एकदम उचलली आन पाठवायला लावली. हेडफोन काढला, आता लॅपटॉप सगळ्यांना ऐकू येईल असं बोलायला. "सात टक्के." आईनं कुणाला घरात पाऊल टाकू दिलं न्हाई. "तेवीस टक्के." पंचशीला पुठ्ठ्यानं वारा घालायली. "अठ्ठेचाळीस." मी मुठी आवळून उभा, गाडी चढाला लागल्यावर ड्रायव्हर बसतो तसा पुढं वाकून. "सत्तर." "एक्क्याऐंशी टक्के."

आन गप.

पंचशीलानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. अंगठा दाबून बगितलं. चावडी कायमची मेली होती. पुन्हा तव्यावर घातलं, पुन्हा लाही फुटली, पुन्हा शंभर मोजले. दिवाबी लागला न्हाई.

पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून बगितला. सगळी पुस्तकं होती, एक सोडून. शेवटचं राहिलं होतं. बालमानसशास्त्राचं, कन्नडमधलं, दोनशे चाळीस पानांचं. विजयश्री हळूच म्हणली, "मागच्या खेपेला त्यातच गेले होते मार्क." मग लगेच म्हणली, "असू द्या अक्का, बाकीचं सगळं आलं, लई झालं." पण पंचशीलाला ते लई वाटंना. ती त्या मेलेल्या लॅपटॉपकडं बगत बसली आन दोनदा म्हणली, "एकोणीस टक्के माझ्या हातनं गेलं."

बुधवारी सकाळी तिनं भंगारातनं मशीन उभं केलं. हा मात्र काय तमाशा होता! ऑफिसातल्या टाकाऊ कॉम्प्युटरचं गाव, दुसऱ्याच एकाचा विजेचा डबा, मेमरीची पट्टी खोडरबरानं घासून लखलखीत केलेली, फुटक्या टीव्हीचे दोन स्पीकर, आन तुटक्या हेडफोनचा माइक. स्क्रीन न्हाईच! "हिला लागत न्हाई, आपण कामून लावायची?" म्हणली. बटण दाबलं आन पहिल्या झटक्यात टीव्हीच्या स्पीकरातनं रविकुमारचा आवाज आला, मराठी व्याकरण वाचणारा. विजयश्रीनं स्पीकरवर हात ठेवला आन कितीतरी येळ काढला न्हाई.

राहिलेलं पुस्तक खजुरीत तिच्या घरी होतं. तिच्या आईनं ते बसथांब्यावर आणून माझ्या हातात दिलं. संध्याकाळी म्या ऐटीत म्हणलं, "आणा इकडं, मी वाचतो. कन्नड शाळेत शिकलोय." माइक लावला आन लागलो. तीस पानं पाऊण घंट्यात! शेवटाला इचारलं, "कसं झालं?"

विजयश्री म्हणली, "छान, अण्णा. पुढचा स्टॉप कोणता?"

आई आन पंचशीला फिदीफिदी हसल्या. म्या पुस्तक आपटलं आन उठलो. सकाळी मी ड्यूटीवर गेल्यावर पंचशीलानं ते उचललं. मला वाटलं, हिला पहिलीच्या पुस्तकावरनं शिकलेली अक्षरं, ही काय दोनशे पानं वाचती! पण बाई हट्टाला पेटली होती. घरातलं सगळं काम आईवर टाकलं, दोन गिऱ्हाइकं परत पाठवली, आन माइकपुढं मांडी घातली. एकेक अक्षर जुळवत वाचायली. आन प्रत्येक दोन शब्दाला अडायली, कारण वाचता येतं, पण कळत न्हाई!

"क-लि-के. कलिके. ह्ये काय गं? कळलं का, म्हणून इचारायलेत का?"

"न्हाई अक्का, कलिके म्हंजे शिकणं."

"बरं. मगुविन ग-म-न. मगू म्हंजे लेकरू, ते ठाव हाय. पण लेकराचं गमन? पुस्तक उघडलं की कुठं निघून गेलं पोरगं?"

"गमन म्हंजे लक्ष, अक्का! कन्नडमधी लक्षाला गमन म्हणत्यात."

"आत्ता गं! लक्षाला? जाऊ दे. म-रे-वु. मरेवू. मरावं?" पंचशीलानं पुस्तक खाली ठेवलं. "लेकरांच्या पुस्तकात मरायचं कामून लिवलंय?"

विजयश्री हसून हसून आडवी झाली. "मरेवू म्हंजे विसरणं! शिकलेलं लेकरं कशानं इसरत्यात, ते हाय त्यात."

"कशानं इसरत्यात?"

"तेच तर वाच की पुढं!"

ह्ये सगळं त्या मशीनमधी भरलं गेलं. हसणंबी, आईनं मधीच "चहा घ्या गं" म्हणलेलंबी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मी ड्यूटीवरनं घरी आलो की अंगणातच ऐकू यायचं, "ह्ये काय गं?" "ह्ये असं, अक्का." पंचशीला एकेका ओळीला अशी भांडायची, जणू त्या पुस्तकानं तिचं शेत दाबलंय. एखादी गोष्ट पटली न्हाई की म्हणायची, "पुन्हा सांग. सोपं करून सांग." आन ती पोरगी पुन्हा सांगायची, आमच्याच घरातली उदाहरणं देऊन देऊन. शनिवारी दिवस मावळायला शेवटचं पान संपलं. पंचशीलाचा घसा बसलेला. म्हणली, "मी नीट वाचलं न्हाई गं. तुझा भाऊ सरळ वाचायचा. माझ्यामुळं तुझा येळ गेला."

विजयश्रीनं मशीनवर पहिलं पान लावलं आन कान देऊन बसली. रविवारी मीच तिला कलबुर्गीला परीक्षेला नेऊन पोचवलं. आमच्या दोघांच्याबी तोंडातनं शब्द न्हाई. माझ्यातनं! इचार करा.

पंचशीलाच्या मनातनं ते जाईना. दोन महिने तिनं तवा चुलीवर चढवला न्हाई. "अर्धं काम करून दिलं मी त्या लेकराला," एवढंच म्हणायची. म्या समजूत घातली, रागावलो, काही उपयोग न्हाई.

फेब्रुवारीत एका दुपारी मी जेवायलो आन तिचा फोन वाजला. तिच्या हातात सोल्डरिंगची गन होती, म्हणून तिनं फोन खाली ठेवून स्पीकर लावला.

"अक्का! निकाल लागला! पास झाले!"

म्या घास टाकून उठलो. आई वरडली, "काय म्हणायलीय?" म्या म्हणलं, "पास! पास झाली आपली पोरगी!" पंचशीला मात्र तशीच बसलेली. भीत भीत तिनं इचारलं, "आन त्या पुस्तकाचं गं? जे माझ्या हातनं गेलं?"

"तीसपैकी सत्तावीस! सगळ्यात जास्त त्यातच. मागच्या खेपेला त्यातच अठरा होते."

"खोटं बोलू नको."

"अण्णाची शपथ. अक्का, रव्या सरळ वाचायचा, कुठं अडायचा न्हाई. मग मीबी नुसतं ऐकत जायची, कळलं का न्हाई ते मलाच कळायचं न्हाई. तू दर ओळीला अडलीस. तुला सांगायचं म्हणून मला आधी समजून घ्यावं लागलं. परीक्षेत 'मरेवू' आलं. लेखनिक बाईंनी प्रश्न वाचला आन मला हसू फुटलं, त्या दचकल्याच! चारी कारणं तुला कशी सांगितली होती ते जसंच्या तसं आठवलं." मग म्हणली, "लोकं म्हणायलेत, विजयश्री आता मास्तरीण होणार. म्या म्हणलं, मी कवाच झाले. राजेश्वरात माझी एक विद्यार्थिनी हाय."

माझ्या डोळ्याला पाणी आलं. आलं म्हंजे आलं, त्यात काय लपवायचं? म्या पंचशीलाकडं बगितलं. तिनं गन खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आन नववीतली पोरगी उठती तशी उठून उभी राहिली. त्या फोनपुढं हात जोडून म्हणली, "व्हय, बाई."